पुसदचे वकीलसाहेब

साल 1941. तुम्ही पुसदच्या कोर्टाबाहेर उभे आहात. पट्टेवाल्यानं पुकारा केला की सावलीत बसलेली माणसं धडपडत उठतात. हातात गहाणखतं, जमिनीचे कागद; वाचता येणारे थोडेच. तांड्यावरून आलेल्या बंजाऱ्यांना मात्र यंदा आपल्या बोलीत गाऱ्हाणं सांगता येतं. गहुलीच्या नाईकांचा मुलगा, वसंतराव, नागपूरहून वकील होऊन आलाय. वय 28. याच वर्षी त्यांनी वत्सला घाटे यांच्याशी लग्न केलंय. बंजारा नवरा, ब्राह्मण नवरी. दोन्हीकडचे गोतावळे रुसलेत. पुढं सभागृहात विरोधकांना सोसायचं, त्याची तालीम आधी घरीच झाली म्हणायची.

1946 मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष होतात, 1952 मध्ये आमदार. इथं जरा रेंगाळा. त्यांच्यामागं विधानसभेत जायला तुम्हाला नागपूर गाठावं लागतं, कारण पुसद तेव्हा मध्य प्रदेशात आहे आणि राजधानी नागपूर! रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात वसंतराव महसूल उपमंत्री. 1956 मध्ये राज्यांच्या सीमा हलतात आणि तुम्ही मुंबईच्या गाडीत बसता. 1960 मध्ये राज्याचं नावही बदलतं. पुसदच्या मतदारांनी घर सोडलेलं नाही, पण त्यांच्या आमदारानं आठ वर्षांत तीन राज्यं पाहिली.

1963. मुख्यमंत्री कन्नमवारांचं निधन होतं आणि त्यांच्या जागी वसंतराव येतात. दोन वर्षांनी पुण्यात, शनिवारवाड्यासमोरच्या गर्दीत शिरा. महाराष्ट्र दोन वर्षांत धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं ते जाहीर सांगून मोकळे होतात. वकिलानं असं लिहून देऊ नये, तोंडी तर नाहीच. पण शब्दामागं काम होतं: संकरित ज्वारी, आणि राहुरी-अकोल्याची कृषी विद्यापीठं.

आणि तरी 1972चा दुष्काळ. रेशनच्या रांगेत तुमच्या पिशवीत अमेरिकेची लाल मिलो ज्वारी पडते. बाहेर रस्त्याच्या कामावर बायामाणसं खडी फोडताहेत. पाझर तलाव, नालाबांध, मागेल त्याला काम: रोजगार हमी. कल्पना वि. स. पागे यांची, ती राबवणारं सरकार वसंतरावांचं. फाशीच्या भाषणापेक्षा मला हेच मोठं वाटतं, जरी लोकांना भाषणच आठवतं.

फेब्रुवारी 1975 मध्ये ते पायउतार होतात. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये मंजूर होतो, तेव्हा पुसदचे वकीलसाहेब वाशीमचे खासदार असतात.