भुरी, करपा आणि एक पाद्रीबाबा



भुरी, करपा, तांबेरा. ही तीन नावं ऐकून कपाळाला आठी पडत नाही असं शेतकऱ्याचं घर मला दाखवा. द्राक्षाच्या पानावर पिठी भुरभुरल्यासारखी दिसते ती भुरी. बटाट्याची, टोमॅटोची पानं भाजल्यासारखी काळी पडतात तो करपा. गव्हाच्या पानाला हात लावला की बोटाला गंजासारखी पूड लागते तो तांबेरा. आपल्या माणसांनी डोळ्यांना दिसलं तसं नाव ठेवलं, आणि चांगलंच ठेवलं. पण ही पिठी, ही पूड म्हणजे नेमकं काय? ती रोगामुळे येते, की रोगच तिच्यामुळे येतो? हे कळायला जगाला फार वेळ लागला. ते कळण्यात इंग्लंडमधल्या खेड्यात राहणाऱ्या एका पाद्रीबाबांचा मोठा वाटा आहे. आजची गोष्ट त्यांची.

त्यांचं नाव माइल्स जोसेफ बर्कली. जन्म १८०३ चा. केंब्रिजला शिकले, चर्चचे पाद्री झाले आणि १८३३ पासून किंग्ज क्लिफ नावाच्या गावी राहून आसपासच्या दोन छोट्या गावांची चर्चं सांभाळू लागले. पगार तुटपुंजा, घरात मुलांचं लेंढार, म्हणून विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घ्यायचे. त्या काळी इंग्लंडच्या खेड्यांत पाद्री हा बहुधा गावातला सगळ्यात शिकलेला माणूस असायचा. रविवारची प्रार्थना, लग्नं, बारशी, अंत्यविधी एवढं उरकलं की हाताशी वेळ असायचा आणि आजूबाजूला रान. त्यामुळे पाखरं, फुलपाखरं, झाडं यांचा नाद लागलेले पाद्री तिथे बरेच होते. चार्ल्स डार्विनचे गुरू हेन्स्लो हेही पाद्रीच. त्यांनी तर हिचम गावच्या शाळेत मजुरांच्या मुलामुलींना वनस्पतिशास्त्र शिकवलं.

बहुतेकांचा नाद फुलांचा असायचा. बर्कलींना मात्र ज्यांना फूल येत नाही त्यांचं वेड. शेवाळ, समुद्रातलं गवत, आणि सगळ्यात जास्त बुरशी आणि अळंबी. उकिरड्यावर उगवलेल्या कुत्र्याच्या छत्रीकडे आपण ढुंकून पाहत नाही. हे गृहस्थ ती कागदात गुंडाळून घरी आणायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. तेव्हा बुरशीची गणती वनस्पतींतच होत असे. आता शास्त्रज्ञांनी तिचं घर वेगळं मांडलंय, ती ना झाड ना प्राणी. पण बर्कलींच्या लेखी त्या वनस्पतीच होत्या, आणि अशा सुमारे सहा हजार जातींना त्यांनी नावं दिली. देशोदेशीचे लोक त्यांना वाळवलेले नमुने पाठवायचे. आपल्या हिमालयातून जोसेफ हूकर यांनी गोळा केलेली अळंबीही त्यांच्याच टेबलावर गेली.

आता येते १८४५ ची गोष्ट. इथे जरा थांबूया.

त्या वर्षी उन्हाळ्यात बेल्जियममध्ये बटाट्याची पानं काळी पडायला लागली. ऑगस्टमध्ये तेच इंग्लंडात, आणि सप्टेंबर येईपर्यंत आयर्लंडात. चांगलं हिरवंगार शेत चार दिवसांत काळं व्हायचं. जमिनीतले बटाटे काढावेत तर ते सडलेले. वरून चांगले दिसलेले बटाटे घरात नेऊन ठेवावेत तर तेही आठवडाभरात चिखल होऊन घाण मारायचे. आयर्लंडमधली साधारण तीस लाख गरीब माणसं जवळजवळ नुसत्या बटाट्यावर जगत होती. गहू, ओट, लोणी पिकायचं ते खंडापोटी जमीनदाराकडे जायचं आणि जहाजात चढायचं. कुटुंबाच्या पोटासाठी उरायचा जमिनीचा एक तुकडा आणि त्यात बटाटा. गरिबांच्या शेतांत जास्त करून लम्पर नावाची एकच जात होती. बटाटा आपण कांड्यापासूनच लावतो, त्यामुळे एका जातीची सगळी झाडं म्हणजे एकाच झाडाची लेकरं. एकाला लागलं ते सगळ्यांना लागलं. पुढच्या वर्षी, १८४६ मध्ये, जवळजवळ सगळं पीक गेलं. पुढल्या काही वर्षांत भुकेनं आणि भुकेपाठोपाठ आलेल्या तापानं सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. धान्याची जहाजं मात्र त्या काळातही आयर्लंडच्या बंदरांतून बाहेर जात होती. त्याला बुरशी जबाबदार नव्हती.

हे का झालं, याची उत्तरं नाना तऱ्हेची. कुणी विजांना दोष दिला, कुणी नव्यानं आलेल्या आगगाडीच्या धुराला. बऱ्याच लोकांनी सांगितलं की हा देवाचा कोप आहे. २४ मार्च १८४७ ला इंग्लंडच्या सरकारनं देवाची क्षमा मागण्यासाठी साऱ्या देशानं उपास करावा असं फर्मानच काढलं. ज्यांच्या चुली आधीच विझल्या होत्या त्यांनी उपास म्हणजे वेगळं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. सरकारच्या मदतकार्याची सूत्रं ज्यांच्या हाती होती ते चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनाही यात देवाचाच हात दिसत होता. हेच गृहस्थ पुढे १८५९ मध्ये आपल्या मद्रासचे गव्हर्नर झाले. आपल्याकडेही पीक गेलं की कुणाची तरी नजर लागली म्हणतात आणि बोट बहुतेक वेळा एखाद्या बाईकडेच जातं. म्हणून मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

शिकलेल्या लोकांचं म्हणणं निराळं होतं. जॉन लिंडली हे त्या काळचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ, बागायतदारांच्या मोठ्या साप्ताहिकाचे संपादक. ते म्हणाले, हवा थंड आणि पाऊस फार, त्यामुळे झाडाला पाणी जास्त झालं आणि ते कुजलं. पानाखाली जी पांढुरकी बुरशी दिसते ती कुजल्यावर आलेली आहे, शिळ्या भाकरीवर येते तशी. पटण्यासारखं आहे ना? बहुतेकांना पटलंही.

पाद्री असल्यामुळे बर्कलींना देवाचा कोप म्हणून मोकळं होणं सगळ्यात सोपं होतं. त्यांनी पानं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बुरशीचे धागे पानाच्या आत शिरलेले आणि पान ज्या छिद्रांतून श्वास घेतं त्या छिद्रांतून बाहेर डोकावणारे त्यांना दिसले. शिवाय पाऊस काही त्याच वर्षी पहिल्यांदा पडला नव्हता. याआधीही ओली वर्षं गेली होती, तेव्हा असं झालं नव्हतं. जानेवारी १८४६ मध्ये त्यांनी लेख छापला आणि त्यात ठामपणे मांडलं की कुजल्यामुळे बुरशी आली नाही, बुरशीमुळे कुजलं. ज्याला आपण मेलेल्यावर उगवलेलं समजतो तेच जिवंताला मारतंय. या बुरशीला नाव आधीच, पॅरिसच्या माँतान्य नावाच्या डॉक्टरांनी दिलं होतं. पण नाव देणं वेगळं आणि गुन्हेगार हीच आहे असं सांगणं वेगळं. ते धाडस बर्कलींनी केलं, आणि फार थोड्या लोकांनी त्यांचं ऐकलं.

पंधरा वर्षांनी, १८६१ मध्ये, जर्मनीच्या अंतोन द बारी यांनी निरोगी झाडांवर ही बुरशी मुद्दाम सोडून दाखवलं की ती सोडली तिथे करपा येतो, सोडली नाही तिथे येत नाही. पाद्रीबाबांचं म्हणणं खरं ठरलं. पुढे द बारींनी तिचं नाव बदलून ‘फायटोफ्थोरा’ ठेवलं, म्हणजे झाडाचा नाश करणारी. आजही औषधाच्या बाटलीला चिकटवलेल्या माहितीपत्रकावर हा शब्द सापडेल. आपण ज्याला उशिराचा करपा म्हणतो तो हाच, बटाट्यावरही आणि टोमॅटोवरही.

कारण कळलं म्हणून आयर्लंडमधल्या कुणाचा जीव वाचला का? नाही. औषध सापडायला १८८५ साल उजाडलं. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं येणारे जाणारे तोडून खायचे, म्हणून तिथले बागवाले वेलींवर मोरचूद आणि चुना मारून ठेवायचे, निळं विषारी दिसलं की कुणी हात लावू नये म्हणून. मियार्दे नावाच्या प्राध्यापकांनी पाहिलं की त्याच वेलींना डाऊनी लागत नाही. त्यातून बोर्डो मिश्रण आलं, आणि ते बटाट्याच्या करप्यावरही चाललं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हे प्रमाण आपल्यातल्या कितीतरी जणींना तोंडपाठ आहे. पण या मिश्रणाचा उपयोग कळतो कधी? आपली लढाई पावसाशी किंवा देवाशी नसून एका बुरशीशी आहे, हे मान्य केल्यावर.

आता भुरीकडे वळू. हीसुद्धा त्याच १८४५ सालची. इंग्लंडात मार्गेट गावी टकर नावाचा एक माळी होता. काचेच्या घरातल्या द्राक्षवेलींवर त्याला पांढरी पिठी दिसली. हा नवा रोग आहे हे त्यानं ओळखलं आणि गंधक, चुना, पाणी असं मिश्रण मारून पाहिलं. ते लागू पडलं. बर्कलींनी ही बुरशी तपासली आणि १८४७ मध्ये तिला नाव दिलं ‘ओइडियम टकेराय’, म्हणजे टकरची ओइडियम. मोठमोठ्या साहेबांची नावं झाडांना देण्याच्या त्या काळात एका माळ्याचं नाव शास्त्राच्या पुस्तकात गेलं. पुढे भुरी फ्रान्सला पोचली आणि काही वर्षांत तिथला द्राक्षाच्या दारूचा धंदा बसवून गेली. सावरला तो गंधकानंच. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागांत भुरीवर आजही गंधक धुरळतात किंवा फवारतात.

शास्त्रातला नियम मात्र असा की ज्यानं आधी नाव ठेवलं त्याचं टिकतं. नंतर लक्षात आलं की हीच बुरशी अमेरिकेत १८३४ मध्येच नोंदवली गेली होती, आणि गंमत म्हणजे तीही श्वाइनिट्झ नावाच्या एका पाद्र्यानंच. त्यांनी ठेवलेलं ‘नेकॅटर’, म्हणजे मारेकरी, हे नाव आज चालतं. टकरचं नाव मागे पडलं.

तिसरं नाव श्रीलंकेतलं. १८६९ मध्ये तिथल्या पेरादेनिया बागेचे प्रमुख थ्वेट्स यांनी कॉफीची रोगट पानं पाठवली. पानांखाली नारिंगी पूड, आपल्या तांबेऱ्यासारखी. बर्कली आणि त्यांचे मित्र ब्रूम यांनी तिला ‘हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स’ म्हटलं. हेमिलिया म्हणजे अर्धी गुळगुळीत, कारण तिचा कण एका बाजूनं खरबरीत आणि दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत असतो. व्हॅस्टॅट्रिक्स म्हणजे उजाड करणारी. नाव खरं ठरलं. पुढच्या वीसेक वर्षांत श्रीलंकेचे कॉफीचे मळे उजाड झाले, तमिळ मुलखातून तिकडे गेलेल्या मजुरांचं काम गेलं, आणि मळेवाल्यांनी कॉफी उपटून चहा लावला. सिलोनचा चहा जगभर गेला तो त्यामुळे.

बर्कलींनी नाव दिलेली प्रत्येक बुरशी वैरीण नव्हती. डार्विननं दक्षिण अमेरिकेच्या टोकाहून झाडावर वाढणारं एक पिवळं, गोल अळंबं आणलं होतं. तिथल्या बायका आणि पोरं ते रानातून गोळा करायची आणि कच्चंच खायची, असं डार्विननं लिहून ठेवलंय. बर्कलींनी त्याला नाव दिलं ‘सिट्टारिया डार्विनाय’. ज्या बायकांना ते कुठे, कधी मिळतं हे माहीत होतं त्यांची नावं कुणी विचारली नसणार.

बर्कली १८८९ मध्ये गेले. त्याआधी दहा वर्षं त्यांनी आपले हजारो नमुने लंडनजवळच्या क्यू बागेला देऊन टाकले होते. त्यांच्या कामातली चित्रं काढायला घरातल्या बायकांचे हात होते. मुलगी रूथ एलन चित्रं काढायची, पत्नी सेसिलिया एमाही काढायची. १८५४ मध्ये बर्कली आणि ब्रूम यांनी एका अळंबीला सेसिलियाचं नाव दिलं, ‘अगॅरिकस सेसिली’. अशा नावात पहिला शब्द कुळाचा, आडनावासारखा. दुसरा तिचा स्वतःचा. पुढे शास्त्रज्ञांनी त्या अळंबीचं कूळ बदललं आणि ती ‘अमानिटा सेसिली’ झाली. म्हणजे आडनाव बदललं, पण तिचं नाव आजही तेच आहे.