अननस : कुंडीतील लागवडीचा इतिहास

घरात शोभेसाठी ठेवल्या जाणाऱ्या ब्रोमेलिएसी कुलातील वनस्पती भारतात अगदी अलीकडे आल्या, असा समज आढळतो. गुझ्मानिया व एक्मिया या प्रजातींपुरता तो बरोबर आहे. तथापि याच कुलातील अननस भारतात कुंडीत वाढविला जात असल्याचा लेखी पुरावा अकबराच्या काळाइतका जुना आहे.

या कुलातील सु. ३,५०० जातींपैकी पश्चिम आफ्रिकेतील एक जाती सोडल्यास बाकी सर्व मूळच्या अमेरिकेतील होत. कोलंबसाला १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर अननस आढळला. त्याचे तुपी भाषेतील नाव ब्राझीलमध्ये पोर्तुगीजांनी उचलले व त्यांच्याबरोबर ते आपल्याकडे आले; ‘फणसा’शी जुळणारे यमक हा योगायोग होय. १५८३–८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने १५९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात या फळाची मोठी प्रशंसा केली आहे.

अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’तील नोंद अधिक मोलाची आहे. अननसास ‘कटहल-इ-सफरी’, म्हणजे प्रवासी फणस, असे म्हणत. कारण कोवळे रोप भांड्यात लावून प्रवासात बरोबर नेता येई व तेथेही त्यास फळ धरे. पानांच्या कडा करवतीसारख्या असतात आणि एक झाड एकदाच व एकच फळ देते, हेही त्याने अचूक टिपले आहे. फळावरील तुऱ्याची पाने सुटी करून लावतात, हे त्याचे विधान मात्र ऐकीव असावे. नुसत्या पानापासून रोप होत नाही, अखंड तुरा लावावा लागतो. पुढे जहांगीरच्या वेळी आग्र्याच्या गुलअफशाँ बागेत दरवर्षी हजारो फळे निघत.

थंड हवेच्या यूरोपात मात्र हे झाड काचगृहातच जगे. अठराव्या शतकात तेथील माळी चामडे कमावून उरलेली झाडाची साल कुजवीत व तिच्या उबेत कुंड्या पुरीत. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधील लीएझ येथे एद्वार मॉरेन (१८३३–८६) यांनी कुलातील शोभिवंत जातींचा अभ्यास केला. अझोर्स बेटांवरील काचगृहांत १८७४ मध्ये धुरामुळे अननसाची झाडे एकदम फुलोऱ्यावर आल्याचे दिसून आले. हा परिणाम धुरातील एथिलीन वायूचा होता, हे पुढे कळले. आंब्याच्या अढीत फळे पिकविणारा वायूही हाच. न फुलणाऱ्या पूर्ण वाढलेल्या झाडाजवळ पिकलेले सफरचंद अथवा केळे ठेवून दोहोंवर आठ-दहा दिवस प्लॅस्टिकची पिशवी झाकण्याची घरगुती युक्ती त्यातूनच आली. लहान रोपावर ती वाया जाते.

कोकणात व गोव्यात दमट हवेमुळे ही झाडे उघड्यावर सहज वाढतात. घाटमाथ्याच्या पूर्वेस, भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या गावी, पावसाळा मानवतो; परंतु हिवाळ्यातील थंड रात्री व चैत्र-वैशाखातील कोरडी हवा बाधते. तेथे कुंडी हिवाळ्यात घरात घ्यावी व उन्हाळ्यात दुपारच्या उन्हातून हलवावी. पानांच्या कडांना फारसे काटे नसल्याने अननसाचा क्यू हा प्रकार घरात सोयीचा. क्वीन काटेरी आहे. मुळे उथळ असल्याने निचरा न होणाऱ्या काळ्या मातीपेक्षा वाळू व पालापाचोळ्याचे खत घातलेली भुसभुशीत माती चांगली. बोर्डो मिश्रण फवारू नये, कारण या कुलातील वनस्पतींना तांबे बाधते. तांब्याच्या कळशीतील पाणीही टाळलेले बरे.

गुझ्मानिया, एक्मिया यांच्या पानांच्या पेल्यात पाणी साठते. अमेरिकेतील जंगलात ते वनस्पतीचे जीवन असते. आपल्या घरात मात्र त्यात डेंग्यू पसरविणाऱ्या ईडिस डासाची वाढ होऊ शकते. म्हणून दर चार-पाच दिवसांनी पेला उपडा करून ताजे पाणी भरावे. या कामात हयगय होणार असेल, तर ही झाडे घरात न आणणे उचित.

फुलोरा येऊन गेल्यावर झाड हळूहळू वाळू लागते. निगा चुकली असे समजून पुष्कळ लोक ते फेकून देतात आणि अबुल फज्लने नोंदलेली गोष्ट विसरतात. बुडाशी आलेले फुटवे मातृवृक्षाच्या निम्म्या उंचीचे होईपर्यंत त्यास पाणी चालू ठेवावे. नंतर ते कापून, जखम एक-दोन दिवस सुकू देऊन स्वतंत्र कुंड्यांत लावतात.