दोन फळ्या, एक बिजागरी

प्राचीन ख्रिस्तसभेत मिस्साविधीच्या वेळी जिवंत व मृत श्रद्धावंतांची नावे वाचली जात. ती बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्यांवर लिहिलेली असत. या जोडफळीला ग्रीक भाषेत ‘डिप्टिक’ म्हणत. पुढे चित्रकारांनी ती आपलीशी केली. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील ‘विल्टन डिप्टिक’ चौदाव्या शतकाच्या अखेरचे आहे. डाव्या फळीवर राजा दुसरा रिचर्ड गुडघे टेकून आहे; उजवीकडे पवित्र मरियेच्या हातांतील बाळ येशू त्याच्याकडे झुकला आहे. मध्ये बिजागरी आहे, पण दृष्टी ती ओलांडून जाते. छायाचित्रांची जोडी लावणाऱ्यालाही हेच साधावयाचे असते.

कोल्हापूरसाठी अशी एक जोडी इतिहासानेच रचून ठेवली आहे, असे आम्हांस वाटते. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासास गेले. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबर रोजी, इटलीतील फ्लॉरेन्स येथे अवघ्या वीस वर्षांच्या वयात त्यांचे निधन झाले. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. त्या काळी त्या शहरात ही अपूर्वच गोष्ट! (आपल्या ख्रिस्तसभेने १८८६ साली दहनास मनाई केली, ती १९६३ पर्यंत टिकली.) संगमापाशी १८७४ साली मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेली छत्री उभी राहिली. तिच्याखालचा रंगीत अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. याच मँट यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. तो १८८४ साली पुरा झाला. मँट १८८१ सालीच निवर्तले होते.

एका फळीवर युरोपच्या मातीत हिंदुस्थानी छत्री, दुसरीवर करवीरच्या काळ्या दगडात युरोपीय धाटणीचा घड्याळाचा मनोरा. बिजागरी म्हणजे तो आखणारा हात. मात्र अख्खा राजवाडा घेतला तर छत्री त्याच्यापुढे खेळण्यासारखी दिसेल. म्हणून केवळ मनोरा घ्यावा, आणि दोन्ही चित्रांत भूमीची रेषा एकाच उंचीवर ठेवावी. उन्हाचा प्रहरही एकच असावा. छत्री डावीकडे ठेवून पुतळ्याचा चेहरा उजवीकडे, म्हणजे मनोऱ्याकडे, वळलेला दिसेल अशा जागेवरून छायाचित्र घ्यावे. चित्र उलटे छापून चेहरा फिरवण्याचा मोह होईल. इतिहासाच्या कामी आम्ही ती लबाडी समजतो.

खाली वर्षे तेवढी द्यावीत: १८७४ आणि १८८४. हा राजवाडा राजाराम महाराजांनी कधीच पाहिला नाही.