कनिष्ठ विजेतेपदांचे मोजमाप : विम्बल्डन आणि ब्रिटिश युवा टेनिसपटू

प्रास्ताविक

लॉन टेनिसची सर्वांत जुनी स्पर्धा १८७७ मध्ये विम्बल्डन येथे सुरू झाली. या खेळाचे नियम, त्याची परिभाषा आणि त्याचे शिष्टाचार इंग्लंडनेच जगाला दिले. असे असूनही १९३६ मधील फ्रेड पेरी यांच्या तिसऱ्या विजेतेपदानंतर थेट २०१३ मध्ये अँडी मरे विजयी होईपर्यंत विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत एकाही ब्रिटिश खेळाडूला यश मिळाले नाही. हा ७७ वर्षांचा दुष्काळ सर्वपरिचित आहे. त्याच मैदानावर कनिष्ठ मुलांच्या गटातही १९६२ ते २०२३ असा ६१ वर्षांचा दुष्काळ पडला होता, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. या दोन दुष्काळांचे कारण एकच होते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. कनिष्ठ गटाचा इतिहास तपासला असता हे गृहीतक टिकत नाही.

निमंत्रितांची स्पर्धा

विम्बल्डनमध्ये कनिष्ठ मुलामुलींच्या स्पर्धेस १९४७ मध्ये प्रारंभ झाला, तोही निमंत्रितांची स्पर्धा या स्वरूपात. तिला पूर्ण अजिंक्यपदाचा दर्जा १९७५ मध्ये लाभला. पहिल्या सोळा वर्षांतील मुलांच्या विजेत्यांची यादी पाहिली, तर १९५० मध्ये जॉन हॉर्न, १९५२ मध्ये बॉबी विल्सन, १९५३ मध्ये बिली नाइट, १९५५ मध्ये माइक हॅन, १९५७ मध्ये जिमी टॅटरसॉल आणि १९६२ मध्ये स्टॅन्ली मॅथ्यूज अशी सहा ब्रिटिश नावे आढळतात. प्रथमदर्शनी हा सुवर्णकाळ वाटतो. परंतु या सहांपैकी एकालाही पुढे प्रौढ गटात ग्रँड स्लॅम एकेरीचे विजेतेपद मिळवता आले नाही, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्या काळात परदेशी मुलांसाठी लंडनचा प्रवास खर्चिक होता आणि हिरवळीचा सराव थोड्याच देशांत शक्य होता. यजमानांना मिळालेल्या यशात या परिस्थितीचा वाटा मोठा होता, असे म्हणणे भाग आहे. याच यादीत १९५४ च्या विजेत्याचे नाव रामनाथन कृष्णन असे आहे. साधनांची उणीव असलेल्या नवस्वतंत्र देशातून आलेल्या या मुलाने पुढे १९६० व १९६१ मध्ये विम्बल्डनच्या प्रौढ एकेरीची उपांत्य फेरी गाठली.

१९६२ चा अंतिम सामना या दृष्टीने विशेष बोलका आहे. स्टॅन्ली मॅथ्यूज हा त्याच नावाच्या विख्यात फुटबॉलपटूचा मुलगा. त्याने सोव्हिएत संघाच्या अलेक्स मेत्रेवेली याचा तीन सेटमध्ये पराभव केला. अकरा वर्षांनी, १९७३ मध्ये, विम्बल्डनच्या प्रौढ अंतिम सामन्यात जो उतरला तो पराभूत मेत्रेवेली होता. विजेत्याच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

येथे पेरी यांच्या उदाहरणाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. टेनिसमध्ये नाव मिळवण्यापूर्वी १९२९ मध्ये ते टेबल टेनिसचे विश्वविजेते झाले होते. मरेपूर्वीचा सर्वश्रेष्ठ ब्रिटिश खेळाडू कोणत्याही कनिष्ठ स्पर्धाव्यवस्थेतून घडला नव्हता.

परिभ्रमणाचा विस्तार

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने १९७७ पासून कनिष्ठ खेळाडूंच्या स्पर्धांचे जागतिक मंडल उभारले. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना देशोदेशी खेळून गुण मिळवण्याची आणि क्रमवारीत स्थान पटकावण्याची सोय झाली. यजमानपदाचा लाभ त्यामुळे पुष्कळसा ओसरला. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डन अशी दोन्ही कनिष्ठ विजेतेपदे मिळवणाऱ्या ॲनाबेल क्रॉफ्टनंतर विम्बल्डनच्या मुलींच्या गटात ब्रिटिश विजेती दिसण्यास २००८ साल उजाडावे लागले. स्वतः क्रॉफ्टने एकविसाव्या वर्षीच व्यावसायिक टेनिस सोडले होते.

निधीची कमतरता हे या पीछेहाटीचे कारण म्हणता येत नाही. विम्बल्डन स्पर्धेच्या नफ्यातून लॉन टेनिस असोसिएशनला दरवर्षी मोठी रक्कम मिळत असे. २००० च्या दशकात ती अडीच कोटी पौंडांच्या घरात होती. २००७ मध्ये रोहॅम्प्टन येथे राष्ट्रीय टेनिस केंद्रही उभे राहिले. तथापि या वर्षांतील ठळक यश केंद्राबाहेर घडलेले दिसते. जेमी मरे याला बाराव्या वर्षी घरापासून दूर, केंब्रिजच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवण्यात आले होते. काही महिन्यांत तो खचून घरी परतला. धाकटा भाऊ अँडी याच्या बाबतीत कुटुंबाने वेगळा मार्ग पत्करला. पंधराव्या वर्षी तो बार्सिलोनाच्या अकादमीत मातीच्या कोर्टवर सरावासाठी गेला आणि २००४ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेतील मुलांचा विजेता ठरला. २००९ मध्ये त्याच स्पर्धेत मुलींचे विजेतेपद मिळवणारी हेदर वॉटसन बाराव्या वर्षापासून फ्लोरिडात शिकत होती. ब्रिटिश यशाची ही दोन उदाहरणे परदेशी प्रशिक्षणाची होती, हे असोसिएशनला खचितच सुखावह नसावे.

२००८ मध्ये चौदा वर्षांच्या लॉरा रॉब्सनने विम्बल्डन जिंकले, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर राष्ट्राच्या आशा लादल्या. तिने २०१२ च्या अमेरिकन स्पर्धेत किम क्लायस्टर्सला हरवले, २०१३ मध्ये जागतिक क्रमवारीत २७ वे स्थान गाठले. त्यानंतर मनगटाची आणि पुढे कंबरेची दुखापत तिला पुरून उरली. २०२२ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. २०११ चा अमेरिकन कनिष्ठ विजेता ऑलिव्हर गोल्डिंग याने तर अवघ्या विसाव्या वर्षी, २०१४ मध्ये, खेळ थांबवला. ज्या वयात महाविद्यालयीन विद्यार्थी आपला विषय निश्चित करतात, त्या वयात या मुलांची कारकीर्द संपल्याची नोंद झाली होती. कनिष्ठ चषकाकडे पाहताना ही बाजू बहुधा नजरेआड राहते.

पराभूतांचा मार्ग

२०१८ च्या विम्बल्डनमध्ये जॅक ड्रेपर मुलांच्या अंतिम फेरीत तैवानच्या त्सेंग चुन-सिनकडून हरला. मुलींच्या उपांत्यपूर्व फेरीत एमा राडुकानूला पोलंडच्या इगा श्वियाँतेकने ६-०, ६-१ असे नमवले. त्या सामन्यावरून राडुकानूविषयी भाकीत करावयाचे झाल्यास ते अनुकूल खचितच नसते. तीन वर्षांनी, २०२१ मध्ये, पात्रता फेरीपासून एकही सेट न गमावता दहा सामने जिंकून तिने अमेरिकन खुल्या स्पर्धेचे प्रौढ विजेतेपद मिळवले. ड्रेपरने २०२४ मध्ये त्याच स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली आणि २०२५ मध्ये इंडियन वेल्सची मोठी स्पर्धा जिंकली.

विम्बल्डनच्या मुलांच्या गटातील ब्रिटिश दुष्काळ २०२३ मध्ये संपला. वुल्व्हरहॅम्प्टनच्या हेन्री सर्लने मानांकन नसताना, एकही सेट न गमावता विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात त्याने यारोस्लाव देमिनला ६-४, ६-४ असे हरवले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतांत १९६२ च्या विजेत्याचे नाव पुन्हा आले. मेत्रेवेलीचे मात्र क्वचितच.