‘माल्कमी’ : एका पक्षिनामाचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या आसपास बाभळीच्या बनांतून किंवा शेताच्या बांधांवरून हिंडताना राखी रंगाच्या, लांब शेपटीच्या पक्ष्यांचे गलबला करणारे थवे आढळतात. रानातील नेहमीच्या सातभाईपेक्षा हा पक्षी किंचित मोठा. उडताना शेपटीच्या कडेची पांढरी पिसे उठून दिसतात. सामान्य जन त्यालाही सातभाईच म्हणतात. शास्त्रात मात्र त्याचे नाव ‘आर्गिया माल्कमी’ असे आहे. ‘माल्कमी’ हे लॅटिन षष्ठीचे रूप असून त्याचा अर्थ ‘माल्कमचा’ एवढाच होतो. हा माल्कम कोण आणि त्याचे नाव या पक्ष्यास का मिळाले, याचा शोध प्रस्तुत टिपणात घ्यावयाचा आहे.

हे नाव विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याने दिले. मुंबईच्या लष्करातील या अधिकाऱ्याने दख्खनमधील पक्ष्यांची सूची लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली व ती १८३२ साली प्रसिद्ध झाली. तींतील नव्या नावांचे स्थूलमानाने दोन वर्ग दिसतात. ‘रामा’, ‘देवा’, ‘गणेशा’ ही नावे त्याने येथल्या देवतांवरून घेतली. दुसरा वर्ग व्यक्तिनामांचा. सह्याद्रीतील एका सूर्यपक्ष्यास त्याने संस्थेचा चिटणीस व्हिगर्स याचे नाव दिले. एका रानकबुतरास एल्फिन्स्टनचे, आणि आपल्या या सातभाईस सर जॉन माल्कमचे.

शेवटची दोन नावे एकत्र वाचली म्हणजे त्यांचा संदर्भ उलगडतो. एल्फिन्स्टन हा १८१९ ते १८२७ आणि माल्कम हा १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. साइक्सला १८२४ साली दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमण्यात आले ते एल्फिन्स्टनच्या अमदानीत, आणि त्याचे काम पुढे चालले ते माल्कमच्या अमदानीत. तेव्हा ही नावे प्रथमतः वरिष्ठांविषयीच्या कृतज्ञतेची द्योतक होत, असे मानावयास हरकत नाही.

तथापि एवढ्याने या नावाचा इतिहास संपत नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी येथे पेशव्यांशी लढाई झाली तेव्हा एल्फिन्स्टन पुण्याचा रेसिडेंट होता, आणि साइक्स इंग्रजी फौजेत लढत होता. त्यानंतर दुसरा बाजीराव पाठलाग चुकवीत वऱ्हाडात आला. चांद्याकडे जाऊन नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांस मिळावे असा त्याचा बेत होता. परंतु एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याजवळ सिवनी येथे कर्नल ॲडम्सने त्याच्या सैन्याचा पराभव केला आणि फौज पांगली. उत्तरेकडे वळलेला बाजीराव अखेर अशीरगडाजवळ ३ जून १८१८ रोजी ज्याच्या स्वाधीन झाला, तो अधिकारी म्हणजेच जॉन माल्कम. वार्षिक आठ लक्ष रुपयांचे वेतन त्यानेच कबूल केले. ज्या मुलखात पेशव्यांची शेवटची फौज मोडली, त्याच मुलखातील पाखरू आज त्या माल्कमचे नाव वाहत आहे.

मग असे नाव ठेवावे काय? अमेरिकन पक्षिशास्त्र संस्थेने २०२३ साली आपल्या कक्षेतील पक्ष्यांची व्यक्तींवरून पडलेली इंग्रजी नावे बदलण्याचे ठरविले. शास्त्रीय नावांचा न्याय निराळा आहे. साइक्सने या पक्ष्यास ‘टिमॅलिया’ या प्रजातीत घातले होते. पुढे प्रजाती बदलल्या, पण ‘माल्कमी’ हे पद अग्रहक्काच्या नियमाने टिकले. आमच्या मते अशा नावाकडे सन्मानपत्र म्हणून न पाहता कागदपत्र म्हणून पाहावे. ते पक्ष्याविषयी काही सांगत नाही. नाव देणारा कोण होता, कोणाच्या आश्रयाने काम करीत होता, हे मात्र नेमके सांगते.

साइक्सने आपल्या सूचीत अनेक पक्ष्यांची मराठी नावेही नोंदली आहेत. ती त्यास येथल्याच माणसांनी सांगितली असली पाहिजेत. लॅटिन षष्ठीत त्या माणसांना स्थान मिळाले नाही. त्यांचे शब्द मात्र टिकले. सदैव जमावाने राहणाऱ्या या पक्ष्यास ‘सातभाई’ म्हणणाऱ्याने त्याची रीत अचूक पाहिली होती. संशोधकाने ही दोन्ही नावे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, हेच इष्ट होय.