शोमरोनी स्त्रीची गोष्ट आणि पंडिता रमाबाई

१/
उत्तन, पाली, चौक, डोंगरी. मीरा-भाईंदरच्या पश्चिम किनाऱ्यावरील ही गावे. येथील ख्रिस्ती इतिहास म्हटला की पोर्तुगीज काळातील चर्च, धारावी बेटावरील किल्ला आणि १७३९ ची वसईची मोहीम आठवते. हा इतिहास दगडांत दिसतो. परंतु एखादा धर्म माणसांच्या आयुष्यात कुठवर पोहोचला हे समजून घ्यायचे, तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. त्या धर्माच्या माणसांनी देह, विवाह आणि वासना यांविषयी किती प्रामाणिकपणे बोलण्याचे धैर्य केले?

२/
या बोलण्याची एक जुनी जागा चर्चने ठरवून दिली होती. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या श्रद्धावंताला वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन करण्याचे बंधन घातले. पुढे सोळाव्या शतकापासून त्यासाठी जाळीचा आडोसा आला. तेथील बोलणे दोघांतच राही. त्यात स्वतःच्या चुकीची कबुली देता येई. मात्र जिच्या देहावर दुसऱ्याने अन्याय केला, तिने तो जगापुढे कसा मांडावा, याचे उत्तर त्या जाळीआड मिळत नसे.

३/
एकोणिसाव्या शतकात एका मराठी स्त्रीने हे उत्तर शोधले. ती या किनाऱ्यावरची नव्हती आणि कॅथलिकही नव्हती. ती होती संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेली चित्पावन ब्राह्मण विधवा. पंडिता रमाबाईंचे धर्मांतर, त्यांच्या शाळा, त्यांच्यावर झालेली टीका यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यांच्या श्रद्धेची सुरुवात लंडनमधल्या एका 'पतित' स्त्रियांच्या आश्रयगृहात झाली, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते.

४/
रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताला न जुमानता पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. आईने पुढे मुलीला शिकवले. पण याच आईचे लग्न वयाच्या नवव्या वर्षी, चाळिशी उलटलेल्या अनंतशास्त्रींशी झाले होते. विद्येचा उदार वारसा आणि बालविवाहाची रूढी ही दोन्ही एकाच घरात नांदत होती.

५/
दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर रमाबाई पायी देश फिरल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने मेधावी गेले. मुलगी मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती आणि रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या.

६/
त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८२ मध्येच शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, असा आग्रह त्यांनी तेथे धरला. आपल्या शरीराचे दुखणे पुरुषाला सांगता येत नाही, म्हणून स्त्रिया न बोलता मरतात, हे त्यांचे म्हणणे होते. देहाविषयीच्या मौनाची किंमत कोण मोजते, हा प्रश्न त्यांच्या सार्वजनिक आयुष्याच्या आरंभापासूनच होता.

७/
१८८३ मध्ये 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर त्या इंग्लंडला निघाल्या. उद्देश वैद्यकीय शिक्षणाचा होता. पुढे बहिरेपणामुळे तो सुटला. पुण्यात काम करणाऱ्या अँग्लिकन भगिनींच्या ओळखीतून त्या वाँटेज येथील मठात राहिल्या. हवापालटासाठी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम येथे पाठवण्यात आले. तेथे या भगिनी वेश्याव्यवसायातून आलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवीत.

८/
रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात या भेटीची आठवण सांगितली आहे. अशा स्त्रियांची कोणी सेवा करते, त्यांना प्रेमाने वागवते, हे त्यांनी पूर्वी कुठे पाहिले नव्हते. शास्त्रे त्यांना मुखोद्गत होती. त्यांत अशा स्त्रीसाठी दंड होता, परतीची वाट त्यांना आढळली नव्हती. म्हणून त्यांनी भगिनींना विचारले, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखवला.

९/
ती गोष्ट शोमरोनी स्त्रीची. याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी येशू एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांच्या हातचे पाणी पीत नसत. या स्त्रीला पाच नवरे होऊन गेले आहेत आणि सध्या ज्याच्याबरोबर ती राहते तो तिचा नवरा नाही. येशू हे तिला स्पष्ट सांगतो, पण तिला हिणवत नाही. खरी उपासना कशी असते, ही गहन चर्चा तो तिच्याशीच करतो. शिष्य परत येतात तेव्हा तो एका स्त्रीशी बोलतो आहे, याचेच त्यांना नवल वाटते.

१०/
या प्रसंगात दोन गोष्टी एकत्र आहेत. देहाच्या आयुष्यातील सत्य लपवलेले नाही. आणि ते सत्य उघड झाल्यामुळे ती स्त्री ईश्वराविषयी बोलण्यास अपात्र ठरलेली नाही. आपल्या वाचनात आलेल्या सर्व शास्त्रांत स्त्रीच्या मोक्षाची वाट पतीच्या सेवेतून जाते, असे रमाबाईंचे निरीक्षण होते. येथे मात्र पतीचा हिशेब चुकलेल्या स्त्रीशी थेट संवाद होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह वाँटेजला बाप्तिस्मा घेतला.

११/
येथे थोडी सावधगिरी हवी. ज्या इंग्लंडमध्ये हे आश्रयगृह होते, त्याच इंग्लंडने १८६४ पासून सांसर्गिक रोगांचे कायदे करून संशयित स्त्रियांची सक्तीने तपासणी चालवली होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या सैनिकांची नाही. १८६८ मध्ये हिंदुस्थानातही तसा कायदा आला. जोसेफीन बटलर या ख्रिस्ती स्त्रीने त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. ब्रिटनमधील कायदे १८८६ मध्ये रद्द झाले. आश्रयगृहेही निर्दोष नव्हती. अशा बहुतेक गृहांत कपडे धुण्याचे कष्ट, कडक शिस्त आणि पश्चात्तापाची सक्ती असे.

१२/
बाप्तिस्म्यानंतर रमाबाई आज्ञाधारक शिष्या होतील, ही भगिनींची अपेक्षा फोल ठरली. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, असा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई व लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. हिंदुस्थानात पुरुषांच्या सभांपुढे भाषणे केलेल्या रमाबाईंना हा अपमान वाटला, आणि त्यांनी तो पत्रांतून बोलून दाखवला. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का, तेथे संस्कृत का नको, हेही त्यांनी विचारले. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे.

१३/
१८८७ मध्ये अमेरिकेत त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक निघाले. १८८२ च्या 'स्त्रीधर्मनीति'त त्या स्त्रियांना सदाचरणाचा उपदेश करीत होत्या. पाच वर्षांनी त्या व्यवस्थेलाच जाब विचारीत होत्या. बालपणी लावलेल्या लग्नातील नवऱ्याकडे जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला त्या वेळी गाजत होता. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांच्यापुढे नवऱ्याचे घर किंवा तुरुंग असा पर्याय ठेवला. स्त्रीच्या देहावर तिच्या संमतीविना कोणाचा हक्क चालतो का, हा त्या खटल्याचा गाभा होता, आणि रमाबाईंनी आपल्या पुस्तकात त्याची दखल घेतली.

१४/
११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले; पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. येथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच वर्षी वादळ उठले. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन होते. पण रमाबाईंच्या प्रार्थनेचे दार उघडे असे आणि मुली तेथे जाऊन बसत. रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांचा रोष समजण्यासारखा होता; आपली श्रद्धा लपवणार नाही, ही रमाबाईंची भूमिकाही तितकीच ठाम होती.

१५/
या काळात त्यांच्या अंतर्यामीही हालचाल चालू होती. १८९१ मध्ये, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. बुद्धीने मान्य केलेला मार्ग आणि जीवनात उतरलेली श्रद्धा यांतील अंतर त्यांनी जाहीरपणे कबूल केले. आठ वर्षे प्रचारकांच्या कौतुकाचा विषय असलेल्या व्यक्तीने हे लिहिणे सोपे नव्हते.

१६/
१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाईंना काय शोधायचे ते माहीत होते. अन्नछत्रे आणि गरीबगृहे यांच्या भोवती तरुण मुलींवर टपलेली माणसे, मदतीच्या नावाखाली चालणारे शोषण, हे सारे त्यांनी नोंदवले आणि छापले. सुमारे ३०० मुलींना त्यांनी आपल्याकडे आणले. सभ्य घरांत ज्याचा उच्चार होत नसे, ते त्यांनी सहीनिशी लिहिले.

१७/
त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. त्यांच्या आश्रयातील एका मुलीला सरकारी व्यवस्थेत रुग्णालयात नेण्यात आले आणि ती परत आली नाही. तेथील एका पहारेकऱ्याने तिला ठेवून घेतल्याचा आरोप रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती वृत्तपत्रात जाहीर केला. राज्यकर्ते ख्रिस्ती, वृत्तपत्र ख्रिस्ती, लिहिणारी ख्रिस्ती. मुंबईच्या गव्हर्नरांनी हे आरोप फेटाळले. परंतु ज्यांनी त्यांना फक्त हिंदू समाजाच्या टीकाकार मानले, त्यांनी हे पत्र विसरू नये.

१८/
पुण्याजवळ केडगाव येथे १८९८ मध्ये 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यातच अत्याचारग्रस्त व टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन' होते. फुलहॅमला पाहिलेले काम आता मराठी मुलखात आले. अर्थात त्या काळाच्या मर्यादाही सोबत आल्या. या स्त्रियांची राहण्याची सोय निराळी असे, आणि त्यांच्याविषयीची भाषा 'पाप' आणि 'उद्धार' यांचीच राहिली. आज आपण अत्याचार सोसलेल्या स्त्रीच्या बाबतीत हे शब्द वापरणार नाही.

१९/
मग रमाबाईंनी नेमके काय बदलले? पापनिवेदनाच्या परंपरेत देहाविषयीचा प्रामाणिकपणा म्हणजे व्यक्तीने स्वतःविषयी दिलेली कबुली. रमाबाईंनी तो प्रामाणिकपणा समाजाकडून, सरकारकडून आणि चर्चकडून मागितला. ज्या श्रद्धेला टाकलेल्या स्त्रीविषयी काही सांगता येत नाही, ती श्रद्धा त्यांना अपुरी वाटत होती. याच कसोटीवर त्यांनी आपला जुना धर्म पारखला, नवा धर्मही पारखला, आणि १८९१ मध्ये स्वतःलाही पारखले. त्यांच्या आध्यात्मिक वाढीची वाट या प्रश्नातून गेली. त्याला वळसा घालून नव्हे.

२०/
अखेरच्या वर्षांत त्या बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबलची भाषा सामान्य स्त्रियांना कळत नाही, म्हणून शब्द सोपे हवेत, हा त्यांचा आग्रह होता. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. भाषांतर तोवर हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये 'मुक्ती'च्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे काम संस्थेतील स्त्रियांनी केले.

२१/
त्या ग्रंथात योहानाचा चौथा अध्यायही आहे. फुलहॅमच्या आश्रयगृहात एका परक्या भगिनीने इंग्रजीतून ऐकवलेली विहिरीवरच्या स्त्रीची गोष्ट रमाबाईंनी चाळीस वर्षांनंतर सोप्या मराठीत आणून ठेवली. दुष्काळातून, रस्त्यावरून, नको त्या घरांतून वाचून केडगावला आलेल्या स्त्रियांमध्ये ती वाचली जाऊ लागली. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्थानक आहे आणि 'मुक्ती' आजही तेथे काम करते आहे.