व्ही.पी. ते ओटीपी : अनोळखी विक्रेत्याकडून माल मागवण्याचा इतिहास

१/
हडपसर, पिनकोड ४११०२८. सायंकाळच्या सुमारास येथील कोणत्याही मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकापाशी पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेल्या डिलिव्हरीवाल्यांची वर्दळ असते. सुरक्षारक्षकाच्या चौकीत खोक्यांचा ढीग साचलेला असतो. ही खोकी ज्यांनी पाठवली, त्यांपैकी बहुतेकांना घेणाऱ्याने कधी पाहिलेले नसते.

२/
आधी पैसे द्यावेत तर माल येईल याची खात्री नाही. आधी माल पाठवावा तर पैसे येतील याची खात्री नाही. हा पेच इंटरनेटने निर्माण केलेला नाही. तो सोडवण्याचे प्रयत्न भारतात शतकानुशतके झाले. प्रत्येक प्रयत्नाने एक भोक बुजवले आणि एक उघडे ठेवले. त्या प्रयत्नांचा हा धागा.

३/
सुरुवात हुंडीपासून. पेशवाईतील पुण्याच्या सावकारांचे व्यवहार दूरदूरच्या पेढ्यांशी हुंडीवर चालत. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला अमुक रक्कम द्यावी म्हणून लिहिलेला कागद. कागद चोरीला गेला तर? त्यावर उतारा म्हणून ‘शाहजोग’ हुंडी होती. तिची रक्कम बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच मिळे. पुढे हुंडी खोटी ठरली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर येई.

४/
त्याहून रंजक प्रकार म्हणजे ‘जोखमी’ हुंडी. ही पाठवलेल्या मालावर काढली जाई. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत. वाटेत गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. म्हणजे एकाच कागदात उधारी आणि विमा दोन्ही होते. वाटेतली जोखीम कोणी सोसायची, हे माल निघण्यापूर्वीच ठरलेले असे.

५/
हुंडीचे सारे बळ व्यापाऱ्यांच्या आपसातील ओळखीत होते. एखाद्या खेड्यातील शिक्षकाला मुंबईहून एक पुस्तक मागवायचे असेल, तर त्याच्यासाठी कोणता शाहा उभा राहणार? त्याला पेढी नव्हती आणि बाजारात नावही नव्हते. सामान्य खरेदीदारासाठी वेगळा मध्यस्थ हवा होता. तो टपाल खात्याच्या रूपाने आला.

६/
१८५४ च्या टपाल कायद्याने अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर केला. १८५८ मध्ये आगगाडी पुण्यास पोहोचली. मागणीचे पत्र स्वस्तात जाऊ लागले आणि पार्सल लवकर येऊ लागले. प्रश्न पैशांचाच उरला.

७/
१८७७ मध्ये टपाल खात्याने ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ सुरू केले. मराठी माणसाच्या तोंडी ते ‘व्ही.पी.’ झाले. पाठवणाऱ्याने पार्सलवर किंमत लिहून द्यायची. पोस्टमनने ती घेणाऱ्याकडून वसूल केल्यावरच पार्सल हाती द्यायचे. आणि वसूल झालेली रक्कम खात्याने पाठवणाऱ्याला पोहोचवायची. १८८० मध्ये खात्याची मनीऑर्डर सुरू झाल्यावर हा परतीचा मार्ग आणखी सोपा झाला.

८/
जगाशी तुलना केली तर या तारखेचे महत्त्व कळते. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये शेतकऱ्यांसाठी टपालाने विक्री सुरू केली आणि १८७५ मध्ये ‘समाधान न झाल्यास पैसे परत’ अशी हमी दिली. पण अमेरिकेच्या टपाल खात्याने माल देताना पैसे वसूल करण्याची सेवा सुरू केली ती १९१३ मध्ये, म्हणजे भारतानंतर छत्तीस वर्षांनी.

९/
व्ही.पी.ने मराठी वाचकाचे जग रुंदावले. पुस्तके, औषधे, घड्याळे, बियाणे अशा वस्तू तालुक्याच्या गावीही मागवता येऊ लागल्या. ‘व्ही.पी.ने पाठवू’, ‘टपालखर्च वेगळा’ ही वाक्ये मराठी जाहिरातींच्या नित्य परिचयाची झाली. ज्या गावात पुस्तकाचे एकही दुकान नव्हते, तिथे पोस्टमनची पिशवी हेच दुकान होते.

१०/
या इतिहासात बियाण्यांची गोष्ट वेगळी आहे. १८८४ मध्ये पुण्यात पेस्तनजी पोचा आणि सन्स ही बियाण्यांची पेढी स्थापन झाली आणि तिचे नाव देशभरातील बागायतदारांपर्यंत गेले. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुढे हडपसर लागते. खडकवासल्याच्या पाण्यावर चालणारा मुठा उजवा कालवा तेथून जातो. आज जिथे संगणक कंपन्यांच्या इमारती आहेत, तिथे पूर्वी शेते आणि भाजीचे मळे होते. मगरपट्टा सिटी ही वसाहत तर शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करूनच उभारली.

११/
मळेवाल्याच्या दृष्टीने विचार करावा. पुस्तक उघडताच कळते, घड्याळ चालते की नाही तेही कळते. बियाण्याची पुडी फोडूनही काही कळत नाही. ते पेरावे लागते, पाणी द्यावे लागते, आणि उगवण झाली नाही तर तोवर हंगाम निघून गेलेला असतो. पुडीची किंमत चार आणे असली तरी नुकसान वाफ्यातल्या सबंध पिकाचे असते.

१२/
येथे व्ही.पी.ची मर्यादा उघडी पडते. टपाल खाते दोन गोष्टी पाहत असे : पार्सल पोहोचले आणि पैसे वसूल झाले. आत काय आहे याची हमी खात्याची नव्हती. शिवाय पैसे मोजल्याशिवाय पार्सल फोडता येत नसे. म्हणजे ‘माल पाहून पैसे’ असे जे लोकांना वाटे, ते वस्तुतः ‘खोके पाहून पैसे’ होते.

१३/
लबाडांनी याच फटीत हात घातला. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याचे कलम ३५ या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पाठवणाऱ्याला खरोखरच मागणी आली असून त्यानुसारच आपण वस्तू पाठवत आहोत, असे निवेदन त्याने केल्याखेरीज व्ही.पी. स्वीकारू नये, असा नियम करण्याचा अधिकार या कलमाने सरकारला दिला.

१४/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी अशी अट हाच एक पुरावा असतो. कोणी करतच नसेल त्या गोष्टीवर सहसा बंदी येत नाही. न मागवलेली पार्सले घरोघरी जात असली पाहिजेत. कर्ता पुरुष शेतावर किंवा कचेरीत, दारात पोस्टमन, पार्सलवर घरातल्याचेच नाव. ‘त्यांनीच मागवले असेल’ म्हणून डब्यातले पैसे काढून दिले जात असणार. फसवणुकीचे साधन होते ते घरच्या माणसांचा एकमेकांवरचा विश्वास.

१५/
याच कलमात आणखी एक तरतूद होती. फसवणूक झाल्यास वसूल केलेली रक्कम रोखून धरण्याचा आणि ती घेणाऱ्याला परत करण्याचा नियम करता येत असे. तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पैसे खात्याच्या हातात असेपर्यंतच ते अडवता येत. ते विक्रेत्याला पोहोचले की खात्याचा इलाज संपला. तक्रारीचे मोल तिच्या वेगावर अवलंबून होते.

१६/
दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. फसत होता तो केवळ खरेदीदार नव्हे. हौसेने मागणी करायची आणि पोस्टमन आला की घ्यायला नकार द्यायचा, असेही घडे. ‘व्ही.पी. परत आली’ हे वाक्य प्रकाशकांच्या आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या डोकेदुखीचे होते. जाण्यायेण्याचा खर्च त्यांच्याच माथी बसे. त्यामुळे काही रक्कम आगाऊ मागण्याची पद्धत पडली आणि जुना पेच अंशतः परत आला.

१७/
कायद्याने मधल्या काळात एक पाऊल पुढे टाकले. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. खरेदीदाराने आधी पाहिला नसेल, तर माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे मानले जात नाही. हक्क स्पष्ट होता. पण पाच रुपयांच्या वस्तूसाठी परगावच्या व्यापाऱ्यावर दावा कोण लावणार?

१८/
१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतचे कवी असलेल्या मराठी टपाल अधिकाऱ्याच्या कल्पनेतून साकारला. ४११०२८ मधील पहिला ४ हा पश्चिम विभाग दाखवतो, ४११ हा पुण्याचा वर्गीकरण जिल्हा आणि शेवटचे ०२८ म्हणजे हडपसरचे टपाल कार्यालय. घेणारा कुठे राहतो, हे सहा अंकांत निश्चित झाले. पाठवणारा कोण आणि कुठला, हा प्रश्न तसाच राहिला.

१९/
त्या प्रश्नाला जोर मिळाला तो पुण्यातच. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी येथे ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. छोट्या रकमेसाठी वेगळे, स्वस्त न्यायपीठ मिळाले. तरीही विक्रेता परराज्यातला असेल तर तक्रार नेमकी कुठे चालवायची, ही अडचण ग्राहकाला छळत राहिली.

२०/
२०१० मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली. ही आधुनिक युक्ती म्हणून गाजली, पण तिचा सांगाडा १८७७ च्या व्ही.पी.चाच होता. गुण तेच आणि फटही तीच. न मागवलेले पार्सल दारात येणे, घरातील वडीलधाऱ्यांनी ‘मुलाने मागवले असेल’ म्हणून पैसे देणे, खोक्यात भलतीच वस्तू निघणे : कलम ३५ ने ज्या प्रकाराला आळा घालू पाहिला, तोच प्रकार आता गृहसंकुलाच्या फाटकापाशी घडतो.

२१/
२०१६ मध्ये यूपीआय आले. पैसे क्षणात पोहोचतात, ही त्याची मोठी सोय. पण समाजमाध्यमावरील एखाद्या अनोळखी विक्रेत्याला थेट यूपीआय केले, तर मध्ये कोणीच उरत नाही. पोस्टमन नाही, शाहा नाही, पैसे रोखून धरणारी पेढी नाही. तंत्रज्ञान एकविसाव्या शतकातले, पण जोखमीच्या हिशेबाने तो व्यवहार १८७७ पूर्वीचा ठरतो.

२२/
२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला आणि जुनी अडचण दूर झाली : ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. हडपसरच्या रहिवाशाला दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

२३/
त्याच वर्षीच्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील दाखवणे बंधनकारक केले. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निवारण एका महिन्यात करायचे. पिनकोडने घेणाऱ्यापुरता सोडवलेला प्रश्न आता पाठवणाऱ्यालाही लागू झाला. ज्या संकेतस्थळावर पत्ताच दिसत नाही, ते नियम मोडते आहे. पैसे देण्यापूर्वी एवढे पाहणे कोणालाही शक्य आहे.

२४/
या इतिहासातून आजच्या खरेदीसाठी काय हाती लागते?
• मागवले नसेल तर पैसे द्यायचे नाहीत, ओटीपीही सांगायचा नाही. घरातील सर्वांना हे आधीच सांगून ठेवावे आणि मागवलेल्या वस्तूची कल्पना द्यावी.
• नव्या विक्रेत्याला थेट पैसे पाठवण्यापेक्षा, वाद झाल्यास रक्कम परत करण्याची सोय असलेला मध्यस्थ निवडावा.

२५/
• खोके उघडताना सलग चित्रफीत घ्यावी. बाहेरील पत्त्याची चिठ्ठी तिच्यात दिसावी. व्ही.पी.च्या काळात ग्राहकाकडे नसलेला पुरावा हाच.
• तक्रार त्याच दिवशी. वस्तू किंवा सेवेबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३०. रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी अडवणे महत्त्वाचे.
• ‘परतावा’ मिळण्यासाठी क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला कोणी सांगितले, तर तो पैसे काढण्याचाच प्रयत्न आहे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही.

२६/
आणि बियाण्याची पुडी विसरू नये. ज्या वस्तूचा कस वापरल्यावरच कळतो, उदाहरणार्थ औषध, सौंदर्यप्रसाधन, विजेचे उपकरण किंवा बियाणे, तिथे डिलिव्हरीची कोणतीही पद्धत पुरेशी नसते. तिथे विक्रेत्याचे नाव किती जुने आहे आणि चूक झाल्यास त्याला गाठता येईल का, हेच पाहावे लागते. पूर्वी मळेवाला पहिल्या खेपेला थोडेच बियाणे मागवून एका वाफ्यात पेरून पाहू शकत होता. अनोळखी विक्रेत्याकडून पहिली खरेदी करताना आजही तेवढाच वाफा पुरेसा आहे.

(समाप्त)